वार्षिक सभेला जिल्ह्याचे प्रतिनिधी म्हणून जाताना

प्रश्न हिंगोली जिल्ह्यातल्या एका तरुण पशुवैद्यक मॅडमचा आहे. नोकरीला चार वर्षे झालीत. जिल्हा शाखेने यंदा त्यांना राज्य संघटनेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी प्रतिनिधी निवडले आहे. सभा पुण्यात, दोन दिवसांची. त्या विचारतात : प्रतिनिधीने तिथे नेमके काय करायचे असते? ठराव कसा मांडतात? शाखेने सांगितले तसेच मत द्यावे लागते का? आणि लांबच्या जिल्ह्यातून आलेल्या नव्या माणसाचे तिथे कुणी ऐकते का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ऐकतात. पण आपण माईकजवळ जातो तोवर बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात. मी परभणी जिल्ह्यात ३१ वर्षे नोकरी केली. त्यात ९ वेळा शाखेचा प्रतिनिधी म्हणून गेलो आणि ३ वर्षे आलेले ठराव सभेआधी तपासणाऱ्या विषय नियामक समितीवर बसलो. माझा अनुभव असा की प्रतिनिधीचे काम सभेच्या दोन दिवसांत फार थोडे असते. ते असते आधीच्या दोन महिन्यांत आणि नंतरच्या सहा महिन्यांत. हे ज्याला कळले त्याचा ठराव पुढे जातो, मग तो पुण्याचा असो की सेनगावचा.

पहिले काम म्हणजे संघटनेची घटना मिळवणे. शाखेत ती बहुधा कुणाच्या तरी कपाटात असते. मागून घ्या, झेरॉक्स काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा. शाखेला किती प्रतिनिधी, मत प्रतिनिधीला की प्रत्येक सभासदाला, गणपूर्ती (कोरम) किती, ठराव किती दिवस आधी लेखी पोचला पाहिजे, पर्यायी प्रतिनिधी चालतो का, घटनादुरुस्तीला किती बहुमत लागते, एवढ्या सहा गोष्टी शोधा. यात ठरावाची मुदत सर्वांत महत्त्वाची. मुदत चुकली की तुमचा विषय नोटिशीतल्या अखेरच्या ओळीत जाऊन पडतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. तिथे पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होते, निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात, आणि अध्यक्ष म्हणतात, ‘या विषयाची नोंद घेतली आहे.’ तेवढ्यावर विषय मिटतो.

आपल्यासारख्या संघटना बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या असतात आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही. त्यामुळे काही गोष्टी सभागृहाच्या मर्जीवर नसतात. संघटनेचे उद्देशच बदलायचे असतील तर १८६० च्या कायद्याचे कलम १२ लागू होते : प्रस्ताव विशेष सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला लेखी पोचला पाहिजे, तीन पंचमांश मते पडली पाहिजेत, आणि महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तिथे पुन्हा तीन पंचमांश मतांनी तो कायम झाला पाहिजे. कुणी ऐनवेळी उठून ‘उद्देशात एवढा शब्द घालून टाकू’ म्हणाले तर शांतपणे हे कलम सांगा. निवडणूक असेल तर नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जावा लागतो. मागच्या वेळचा गेला होता का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ताळेबंद वाचा. आकडेमोड नाही जमली तरी चालेल, पण प्रवासखर्च, न्यायालयीन खर्च आणि शाखांकडून येणे असलेली वर्गणी या तीन ओळी पाहाच. वर्गणी थकलेल्या शाखेच्या प्रतिनिधीला मताचा हक्क नाकारणारे कलम अनेक संघटनांच्या घटनेत असते. आपल्या शाखेची पावती पिशवीत असू द्या.

आता ठरावाकडे येतो, कारण खरे काम तिथे आहे.

ठराव लिहायला बसण्याआधी विषय कुणाच्या दारचा आहे ते बघा. नोंदणी, व्यवसायातली शिस्त, कुणी काय उपचार करायचे हा प्रश्न भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ खाली येतो आणि त्यासाठी राज्य पशुवैद्यक परिषद आहे. संघटना तिथे फक्त बाजू मांडू शकते. दवाखान्याच्या छपराची दुरुस्ती किंवा एखादे उपकरण हा विषय बऱ्याचदा जिल्हा वार्षिक योजनेतून सुटतो, आणि तिचा निर्णय पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत होतो. त्यासाठी पुण्यापर्यंत जायची गरज नाही, कळमनुरीहून हिंगोलीला गेले तरी काम होते. राज्य सभेपुढे तोच विषय न्यावा ज्याला राज्याचाच निर्णय लागतो : निकष, पदे, सेवाशर्ती, सगळ्या जिल्ह्यांना सारखी लागणारी पद्धत. मी पहिल्या वर्षी हे न ओळखता गेलो. आठ मिनिटे बोललो. रिक्त पदे, गाडी नाही, क्वार्टर गळतात, रात्रीचे कॉल, सगळे सांगितले. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी चार जणांनी पाठ थोपटली. दोन महिन्यांनी इतिवृत्त आले त्यात माझ्या आठ मिनिटांची एक ओळ होती : ‘परभणी शाखेच्या प्रतिनिधींनी ग्रामीण भागातील अडचणी मांडल्या.’ ती ओळ अजून आठवते.

दुसरा अनुभव मात्र कामाचा आहे, तो नीट सांगतो.

लाळ्या-खुरकूत लसीकरणाची फेरी होती. सप्टेंबर, उकाडा, आणि आदल्या रात्रीपासून लाईट नव्हती. सकाळी दवाखान्यात आलो तर आमच्या परिचर मामांनी फ्रिजचे दार नुसते किलकिले करून आतला थर्मामीटर दाखवला. १९ अंश. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. आईस पॅक पाण्याच्या पिशव्या झालेले, बाटल्यांची लेबले ओली होऊन बोटाला चिकटत होती. गावात दवंडी झालेली, लोक जनावरे दावणीला बांधून कामाला न जाता थांबलेले. मी ती लस टोचली नाही. गावकऱ्यांची बोलणी खाल्ली आणि वरून खुलासाही मागवला गेला, लस वाया का गेली म्हणून.

त्या दिवशी मामांनी एक साधी गोष्ट केली. कंपाउंडरच्या टेबलावरची एक जुनी शंभर पानी वही घेतली आणि लाईट कधी गेली, कधी आली, फ्रिजमध्ये किती अंश, हे लिहायला लागले. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी कुलूप लावताना एकदा. मी सांगितलेही नव्हते. पाच महिन्यांत वही निम्मी भरली. शेजारच्या तीन तालुक्यांतल्या मित्रांना मी तशीच वही ठेवायला सांगितली.

शाखेच्या बैठकीत ठरावाचा पहिला मसुदा आला तो असा : ‘ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांना आवश्यक त्या सर्व मूलभूत सोयीसुविधा शासनाने तातडीने उपलब्ध करून द्याव्यात.’ सर्वानुमते मंजूर होणारा हा ठराव आहे. आणि म्हणूनच तो निरुपयोगी आहे, कारण त्याला नाही म्हणायला कुणाला कारणच नाही आणि हो म्हटल्यावर कुणाला काही करायचेही नाही. आम्ही दोन रविवार बसलो. शेवटी जो मसुदा गेला तो असा होता :

‘ज्या तालुक्यांत लस साठवणीच्या ठिकाणी सलग सहा तासांहून अधिक काळ वीज खंडित झाल्याच्या लेखी नोंदी आहेत, त्या तालुक्यांना पुढील लसीकरण फेरीपूर्वी आईस-लाइन्ड रेफ्रिजरेटर देण्यात यावा, अशी मागणी ही सभा पशुसंवर्धन आयुक्तांकडे करीत आहे. सरचिटणीसांनी याचा पाठपुरावा करून तीन महिन्यांत कार्यकारिणीपुढे लेखी अहवाल ठेवावा.’

यात चार गोष्टी बघा. कुठे, ते ठरलेले आहे. काय, ते ठरलेले आहे. मागणी कुणाकडे, त्याचे पद लिहिलेले आहे. आणि संघटनेतल्या कुणी कधीपर्यंत काय करायचे, तेही लिहिलेले आहे. चौथी गोष्ट बहुतेक ठरावांत नसते आणि तिच्यावाचून ठराव फायलीत झोपतो. कारणमीमांसा वेगळ्या पानावर जोडा, ठरावात कोंबू नका. आम्ही जोडलेल्या पानावर एवढेच होते : लसीला लागणारे तापमान, चार तालुक्यांच्या वह्यांतल्या नोंदी, आणि आईस-लाइन्ड रेफ्रिजरेटरला दिवसात आठेक तास वीज मिळाली तरी तो आतली थंडी धरून ठेवतो ही माहिती. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतची लस देशभर दिली जाते आणि २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत गोट पॉक्सची लस गावोगाव न्यावी लागली. आज असा ठराव लिहायचा झाला तर ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत, आणखी विशेषणे लागत नाहीत.

मसुदा वेळेत पाठवला की तो विषय नियामक समितीकडे जातो. काही ठिकाणी तिला ठराव समिती म्हणतात. खुल्या सभेच्या आदल्या संध्याकाळी ही समिती बसते. आलेले ठराव एकत्र करते, काही गाळते, काहींची भाषा बदलते. मॅडम, तुमच्या दोन दिवसांतला सर्वांत मोलाचा तास हाच. ज्या शाखेचा ठराव आहे तिच्या प्रतिनिधीला समितीपुढे बोलावतात किंवा निदान बसू देतात. म्हणून सभेच्या दिवशी सकाळी पोचायचे नियोजन करू नका, आदल्या दुपारी पोचा.

आमच्या वेळी ती बैठक यजमान शाखेने घेतलेल्या मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत होती. गाद्यांवर बसलो होतो, मध्ये ठरावांचा गठ्ठा. अध्यक्ष अनुभवी होते. त्यांनी आमचा कागद वाचला आणि एकच विचारले, ‘सहा तास कुणी मोजले?’ मी पिशवीतून मामांची वही काढून दिली. त्यांनी चष्मा वर करून पाने चाळली. एका पानावर चहाचा डाग होता, एका ठिकाणी शाई संपल्याने पेन्सिलने लिहिले होते. खोलीत दोन मिनिटे कुणी बोलले नाही. मग गडचिरोलीच्या प्रतिनिधींनी सांगितले की त्यांच्याकडेही हेच आहे आणि अनुमोदन ते देतील.

त्याच बैठकीत समितीने आमचे एक वाक्य काढलेही. मूळ मसुद्यात आम्ही पुढे जोडले होते की वीज गेल्याने लस खराब झाल्यास क्षेत्रीय कर्मचाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी टाकू नये. अध्यक्ष म्हणाले, मागणी रास्त आहे, पण दोन मागण्या एका ठरावात ठेवल्या तर वरचे लोक सोपी नाकारतील आणि तिच्याबरोबर दुसरीही जाईल. त्यांनी तो वेगळा ठराव केला. मला तेव्हा वाईट वाटले होते. आज वाटते की त्यांचे बरोबर होते. पहिल्या ठरावाला पुढे काही फळ आले, दुसऱ्याचे भिजत घोंगडे राहिले. एकत्र असते तर दोन्ही भिजले असते.

खुल्या सभेत सूचकाला तीन ते पाच मिनिटे मिळतात, अनुमोदकाला त्याहून कमी. ठराव आधी जसाच्या तसा वाचा, मग बोला. सुरुवात व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावे घेण्यात घालवू नका, ‘अध्यक्ष महोदय आणि प्रतिनिधी मित्रहो’ पुरे. एकच प्रसंग सांगा, तुम्ही स्वतः पाहिलेला. तुमच्या दवाखान्यातला, तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला. तरुण मुलगी म्हणून आवाज चढवावा लागेल असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर ते मनावर घेऊ नका. ज्या माणसाने बाटली हातात धरलेली आहे त्याच्या आवाजातून ते कळतेच.

मग येते दुरुस्ती. इथे नवे प्रतिनिधी हमखास गोंधळतात. आमच्या ठरावावर एका ज्येष्ठ सभासदांनी दुरुस्ती सुचवली : ‘ज्या तालुक्यांत नोंदी आहेत’ याऐवजी ‘राज्यातील सर्व तालुक्यांत’ असे करावे. सभागृहातून लगेच ‘बरोबर, बरोबर’ असा गलका झाला. ऐकायला उदार वाटते. पण सगळ्या तालुक्यांसाठी मागितले की खर्चाचा आकडा इतका मोठा होतो की तो पाहूनच फाईल बाजूला ठेवली जाते. ज्यांच्याकडे वीज जातच नाही त्यांना रेफ्रिजरेटर मिळत नाही म्हणून ज्यांची लस नासते त्यांनाही मिळत नाही. अध्यक्ष सूचकाला विचारतात, दुरुस्ती मान्य आहे का? त्या क्षणी संकोचाने मान डोलावू नका. मान्य नसेल तर स्पष्ट ‘मान्य नाही’ म्हणा आणि एका वाक्यात कारण द्या. मग दुरुस्तीवर आधी मतदान होते, नंतर मूळ ठरावावर. आमच्या वेळी दुरुस्ती पडली आणि ठराव मंजूर झाला. सूचकाला शेवटी उत्तराचा अधिकार असतो, तो सोडू नका, पण दोन मिनिटांच्या वर जाऊ नका.

मतदान सहसा आवाजी असते. अध्यक्षांनी ‘मंजूर’ म्हटले आणि तुम्हाला शंका वाटली तर तिथल्या तिथे उठून हात मोजण्याची मागणी करा. पुढचा विषय सुरू झाला की ती वेळ गेली. गणपूर्तीबद्दलचा किंवा पद्धतीबद्दलचा आक्षेपही तसाच, ‘हरकतीचा मुद्दा आहे’ एवढे म्हणून उभे राहायचे. पण हे शस्त्र दिवसातून एकदाच वापरा. दर दहा मिनिटांनी हरकत घेणाऱ्याकडे नंतर कुणी बघत नाही. मते समसमान पडली तर अध्यक्षांचे निर्णायक मत असते का, तेही घटनेत पाहून ठेवा.

आता तुमचा मधला प्रश्न, शाखेने सांगितले तसेच मत द्यायचे का. याचे सरळ उत्तर असे की ज्या विषयावर शाखेच्या बैठकीत ठराव झाला आहे, तिथे तुम्ही शाखेच्या मताला बांधील आहात. ते पटत नसेल तर तसे बैठकीतच सांगा, आणि अगदीच जमणार नसेल तर त्या विषयापुरते पर्यायी प्रतिनिधीला जाऊ द्या. पुण्यात जाऊन मन बदलणे हा शाखेशी दगा होतो. पण शाखा ज्यावर बोललीच नाही, किंवा सभागृहात ठरावाचे रूप इतके बदलले की शाखेचे मत त्याला लागूच पडत नाही, तिथे शाखेने तुमच्या अकलेवर विश्वास टाकलेला आहे. हेतू आठवा आणि ठरवा. ठरत नसेल तर तटस्थ राहा. आणि परत आल्यावर प्रत्येक मताचा हिशेब द्या, विशेषतः जिथे स्वतःच्या विचाराने मत दिले तिथला. एखाद्या ठरावाला विरोध केला आणि तो मंजूर झाला, तर ‘विरोध नोंदवावा’ असे मोठ्याने सांगा, म्हणजे इतिवृत्तात जिल्ह्याचे नाव राहते.

आपल्या भागाबद्दल थोडे मोकळेपणाने लिहितो, कारण हे आपल्यातच बोलले पाहिजे. मराठवाड्याचे प्रतिनिधी सभेतून लवकर उठतात. दोष कुणाला द्यायचा? दुसऱ्या दिवशी ड्युटी असते, गाडी ठरलेल्या वेळेला सुटते, ट्रॅव्हल्सवाला थांबत नाही. नांदेड, हिंगोली, परभणीची माणसे चार वाजताच बॅगा उचलतात. पण घटनादुरुस्ती, निवडणूक, शुल्कवाढ या गोष्टी विषयपत्रिकेच्या शेवटी असतात. मी असे ठराव पाहिले आहेत जे आठ जिल्ह्यांपैकी एकाचाही प्रतिनिधी सभागृहात नसताना मंजूर झाले आणि नंतर आम्ही वर्षभर कुरकुरलो. म्हणून परतीचे तिकीट तिसऱ्या दिवशीचे काढा. एक रजा जास्त जाईल, जाऊ द्या. आठ जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी आदल्या रात्री जेवताना एकत्र बसून एवढे ठरवले की प्रत्येक जिल्ह्याचा निदान एक जण शेवटपर्यंत थांबेल, तरी चित्र बदलते.

दुसरे, ‘मराठवाड्यावर अन्याय’ या शब्दांनी भाषण सुरू करू नका. अन्याय खरा आहे, मी तो भोगला आहे. पण त्या वाक्याला सभागृह सवयीने माना डोलावते आणि सवयीनेच विसरते. राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ साली विकासाचा अनुशेष मांडला तो क्षेत्रवार मोजून, आकड्यांत मांडला, म्हणून त्या शब्दाला पुढे वजन आले. आपणही मोजून नेले पाहिजे. आणि अनुमोदक शक्यतो मराठवाड्याबाहेरचा घ्या. आपल्या ठरावाला गडचिरोली, नंदुरबार किंवा सिंधुदुर्गची साथ असली की तो एका विभागाचे गाऱ्हाणे राहत नाही, राज्याचा प्रश्न होतो.

अधिवेशने आणि ठराव यांना आपल्या मातीत वेगळाच मान आहे, हेही तुम्हाला सांगावेसे वाटते. निजामाच्या राजवटीत सभा घ्यायची तर परवानगी लागे. अशा काळात १९३७ साली परतूरला, हैदराबाद संस्थानातल्या मराठी लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि लोकांनी आपल्या मागण्या ठराव करून मांडल्या. माझे आजोबा सेलूजवळच्या खेड्यातले, ते म्हणायचे की त्या दिवसांत ठरावाला हात वर करणे हेच मोठे धाडस होते. आज आपल्याला कुणी अडवत नाही. तरी मला सभागृहात हात वर करताना अजून त्यांची आठवण येते.

तुम्ही सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत आहात, म्हणून एक सावधगिरी. आपल्याला वर्तणूक नियम लागू आहेत : राज्य सेवेला १९७९ चे, जिल्हा परिषद सेवेला १९६७ चे. सभागृहात संघटनेच्या व्यासपीठावरून मागणी मांडणे वेगळे आणि बाहेर येऊन पत्रकारांना शासनाच्या धोरणावर टीका ऐकवणे वेगळे. प्रसिद्धीचे काम संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर सोडा. फोनवर कुणी चित्रण करत असेल तरी लक्ष असू द्या, त्यातला वीस सेकंदांचा तुकडा कुठेही फिरतो. अधिवेशनासाठी विशेष नैमित्तिक रजा मंजूर झाल्याचे परिपत्रक असेल तर त्याची प्रत रजेच्या अर्जाला जोडा. नसेल तर आपली साधी रजा टाका आणि तालुक्यात पर्यायी व्यवस्था लेखी करून जा. तुमच्या मागे एखादी गाय अडली आणि डॉक्टर सभेला गेले होते असे झाले, तर पुढच्या वर्षी शाखेला तोंड दाखवता येत नाही.

सभा संपली की इतिवृत्त. निघण्याआधी सरचिटणीसांना किंवा नोंदी घेणाऱ्याला भेटा आणि आपल्या ठरावाचा क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि अंतिम शब्द वहीत उतरवून घ्या. शब्द महत्त्वाचे आहेत. ‘या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ म्हणजे काहीच झाले नाही. ‘ठराव क्र. अमुक सर्वानुमते मंजूर’ असे हवे. मसुदा इतिवृत्त आल्यावर पंधरा दिवसांत वाचून दुरुस्त्या लेखी पाठवा, पुढच्या वर्षी ते ‘वाचून कायम’ होईपर्यंत वाट पाहू नका. तोवर कुणाला काही आठवत नाही.

मग शाखेची बैठक लावून अहवाल द्या. दोन पानी पुरे : काय झाले, आपल्या ठरावात काय बदल झाला, कुणाला काय मत दिले, पुढे कुणाकडे पाठपुरावा. तीन महिने झाले की सरचिटणीसांना फोन नको, पत्र पाठवा आणि ठराव क्रमांकाचा उल्लेख करा. आमच्या वेळी पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्याला आले की निवेदन दिले आहे. तिसऱ्या पत्राबरोबर आम्ही वह्यांच्या नव्या नोंदी जोडल्या, कारण दरम्यान आणखी एक फेरी वाया गेली होती. शेवटी जवळपास दीड वर्षाने आमच्या जिल्ह्यात काही ठिकाणी चांगले रेफ्रिजरेटर आले. सगळीकडे नाही आले. आमच्या दवाखान्यात आला त्या दिवशी मामांनी त्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि संध्याकाळी कुलूप लावताना सवयीने तापमान वहीत लिहिले. ४ अंश.

तुम्ही विचारलेत म्हणून एवढे लिहिले. शाखेची बैठक कधी आहे ते कळवा. ठरावाचा कच्चा मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देईन. त्याबरोबर तुमच्याकडच्या नोंदींची दोन-चार पाने असतील तर तीही पाठवा. नसतील तर उद्यापासून वही सुरू करा, सभेला अजून अडीच महिने आहेत.